सत्तर सप्तके कुठून मोजायची? चार राजाज्ञा आणि एक हिब्रू शब्द

प्रश्न असा आहे. मंडळीतल्या तरुणांच्या शास्त्राभ्यासात दानीएलाचा नववा अध्याय चालू होता. तिथल्या भविष्यवाणीतली सत्तर सप्तके एका गटाने पारशी राजा अर्तहशश्त याच्या सातव्या वर्षापासून, म्हणजे इ.स.पू. ४५७ पासून मोजली. दुसऱ्याने त्याच राजाच्या विसाव्या वर्षापासून, इ.स.पू. ४४४ पासून. दोघांनी फळ्यावर गणित मांडले आणि दोघांचेही उत्तर येशूपाशी येऊन थांबले. तेव्हा अभ्यास घेणाऱ्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: दोन्ही गणिते बरोबर कशी येतात, खरी आज्ञा कोणती, आणि विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाचा येशूच्या पुनरागमनाचा १८४४ चा हिशेब फसला म्हणून ४५७ हे सालच खोटे ठरते का.

मी अठ्ठावीस वर्षे जुना करार शिकवतो आहे. या अध्यायावर जितके कागद मी खर्ची घातले तितके दुसऱ्या कुठल्याच अध्यायावर नाही. म्हणून उत्तर लांबेल, पण आडपडदा ठेवणार नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते: दोन्ही गटांनी शेवट आधी ठरवला आणि मग मागे मोजत गेले. येशूचा बाप्तिस्मा किंवा वधस्तंभ हे टोक पक्के धरले, त्यातून ४८३ वर्षे (सात-सात वर्षांची एकोणसत्तर सप्तके) वजा केली आणि तिथे एखादी राजाज्ञा सापडते का ते पाहिले. सापडली नाही तेव्हा वर्षाची लांबीच बदलली. मजकूर मात्र सुरुवातीपासून पुढे मोजायला सांगतो. म्हणून आधी मजकूर वाचू, आकडेमोड नंतर.

दानीएल यिर्मयाचा ग्रंथ वाचत बसला आहे. बाबेलचे जोखड सत्तर वर्षे राहील असे यिर्मयाने सांगितले होते (२५ वा आणि २९ वा अध्याय), आणि ती मुदत भरत आली आहे. तो उपास करतो, गोणपाट नेसतो, आपल्या लोकांचे पाप कबूल करतो. संध्याकाळच्या अर्पणाच्या वेळी गब्रीएल येतो आणि म्हणतो की तुझ्या लोकांसाठी आणि तुझ्या पवित्र नगरासाठी सत्तर सप्तके ठरली आहेत. यरुशलेम पुन्हा वसवावे, बांधावे असा शब्द निघाल्यापासून अभिषिक्त अधिपतीपर्यंत सात सप्तके, आणि बासष्ट सप्तके.

'सप्तक' म्हटले की मराठी कानाला आधी सा रे ग म ऐकू येते. पण हा शब्द इथे फार नेमका बसला आहे. आपण 'दशक' म्हणतो तेव्हा 'दहा वर्षांचे' असे वेगळे सांगावे लागत नाही. हिब्रू 'शावूआ' तसाच आहे: सातांचा गट. एरवी तो आठवड्यासाठी येतो. इथे वर्षांसाठी आहे, कारण बोलणे वर्षांचेच चालले आहे. सत्तर गुणिले सात, चारशे नव्वद. इथवर बहुतेकांचे एकमत आहे.

वाद सुरू होतो तो 'शब्द निघाल्यापासून' इथे. मराठीत आपण याला सरळ 'आज्ञा' म्हणतो आणि लगेच राजाचे फर्मान शोधायला लागतो. मूळात 'दाबार' आहे, आणि दाबार म्हणजे साधा 'शब्द', 'वचन'. एज्राच्या ग्रंथातल्या अरामी भागात पारशी राजांच्या हुकमासाठी 'तएम' हा शब्द वारंवार येतो. दानीएल ९:२५ मध्ये तो नाही. उलट दोनच ओव्या आधी, २३ व्या ओवीत, गब्रीएल दानीएलाला सांगतो की तू विनंती करायला लागलास तेव्हाच 'शब्द निघाला'. तिथे शब्द देवाचा आहे, राजाचा नव्हे. मग २५ व्या ओवीतला शब्दही देवाचा असू शकतो, म्हणजे यिर्मयाच्या तोंडून आलेला. उलट बाजूही सांगतो: एस्तेर १:१९ मध्ये 'राजशब्द निघावा' असा प्रयोग आहे, तिथे हीच क्रिया आणि हाच दाबार. म्हणजे राजाज्ञा असा अर्थ व्याकरणाने बाद होत नाही. पण 'राजाचे फर्मान' हा आपण लावलेला अर्थ आहे, मूळात छापलेला नाही, एवढे फळ्यावर पहिल्या ओळीत लिहा.

आता चार उमेदवार.

पहिला उमेदवार पारशी राजा कोरेश. इ.स.पू. ५३९ च्या ऑक्टोबरात बाबेल त्याच्या हाती आले. त्याच्या पहिल्या वर्षाची आज्ञा एज्राच्या पहिल्या अध्यायात आहे, आणि तिचीच दफ्तरी नोंद सहाव्या अध्यायात अखमथाच्या राजवाड्यात सापडते. ती नोंद वाचताना मला दर वेळी एखाद्या जुन्या कचेरीतले दप्तर उघडल्यासारखे वाटते: मंदिराची उंची साठ हात, रुंदी साठ हात, मोठ्या दगडांचे तीन थर, लाकडाचा एक थर, खर्च राजाच्या खजिन्यातून. नगराचा उल्लेख नाही, तटाचा नाही. म्हणून बरेच जण कोरेशाला इथेच बाजूला काढतात.

ती घाई होते. यशया ४४:२८ मध्ये कोरेशाचे नाव घेऊन लिहिले आहे की यरुशलेम बांधले जाईल असे तो म्हणेल, आणि ४५:१३ मध्ये 'तो माझे नगर बांधील' असे देव स्वतः म्हणतो. शास्त्रात नगर बांधण्याचे श्रेय नाव घेऊन कुणा परक्या राजाला दिले असेल तर ते कोरेशाला. त्याच ४५ व्या अध्यायाच्या पहिल्या ओवीत त्याला 'अभिषिक्त' म्हटले आहे, तोच शब्द जो दानीएल ९:२५ मध्ये आहे.

कोरेशाचा लेख कोरलेला मातीचा दंडगोल २०१३ च्या डिसेंबरात मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. जेमतेम वीतभर लांबीची, मधे फुगीर अशी ती वस्तू. काचेपुढे पारशी कुटुंबे मुलांना उचलून दाखवत होती. माझ्या विद्यार्थ्यांनी विचारले, यात यहुद्यांचे नाव कुठे आहे? नाही. यरुशलेमाचेही नाही. त्यात देवांच्या मूर्ती त्यांच्या त्यांच्या ठिकाणी परत पाठवल्याचे आणि तिथल्या लोकांना पुन्हा वसवल्याचे लिहिले आहे. कोरेशाचे धोरण एज्रातल्या आज्ञेशी जुळते, इतकेच तो दंडगोल सांगतो. त्याहून जास्त त्याच्याकडून वदवून घेऊ नका.

अडचण आकड्याची आहे. ५३८ मधून ४८३ गेले की इ.स.पू. ५५ उरते. तिथे कुणी अभिषिक्त नाही.

दुसरा उमेदवार पुढचा पारशी राजा दारयावेश. हाग्गय आणि जखऱ्या यांनी इ.स.पू. ५२० मध्ये थांबलेले काम पुन्हा हलवले, दारयावेशाने कोरेशाची आज्ञा कायम केली, ५१५ मध्ये मंदिर पुरे झाले. त्याची आज्ञा म्हणजे जुन्या आज्ञेचे नूतनीकरण. तिला स्वतंत्र आरंभ मानायला फारसे कुणी तयार नाही, मीही नाही.

तिसरी आणि चौथी आज्ञा एकाच राजाची. अर्तहशश्ताने सातव्या वर्षी यहुदी याजक एज्राला पत्र दिले (एज्रा ७) आणि विसाव्या वर्षी नहेम्याला पत्रे दिली (नहेम्या २). तुमच्या मंडळीतले दोन गट इथलेच.

नहेम्याची बाजू वाचताना लगेच पटते. तो राजाला स्पष्ट म्हणतो की माझ्या पूर्वजांच्या कबरा आहेत त्या नगराला मला पाठवा, म्हणजे मी ते बांधीन. राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे लाकडासाठी चिठ्ठी मिळते. तट बावन्न दिवसांत, अलूल महिन्याच्या पंचवीस तारखेला पुरा होतो. नगर, दरवाजे, तट, सगळे आहे.

एज्राचे पत्र त्यामानाने मंदिराचे वाटते: शंभर किक्कार रुपे, शंभर कोर गहू, शंभर बथ द्राक्षारस, शंभर बथ तेल, आणि मीठ लागेल तितके. पण २५ व्या आणि २६ व्या ओव्या वगळून पुढे जाऊ नका. न्यायाधीश आणि अधिकारी नेम, नियमशास्त्र शिकव, जो मोडील त्याला दंड, कैद, हद्दपारी, मृत्यूसुद्धा. हे यरुशलेमाला पुन्हा स्वतःचा कायदा आणि न्याय मिळणे आहे. 'पुन्हा वसवणे' म्हणजे नुसती वीट-चुन्याची कामे नव्हेत, नगराला नगरपण परत देणे, असा अर्थ घेतला तर हे पत्र त्यात बसते. शिवाय एज्रा ४:१२ मध्ये शत्रूंनी याच राजाकडे तक्रार केली आहे की तुझ्याकडून इकडे आलेले यहूदी हे बंडखोर नगर बांधताहेत, त्याचे तट उभारताहेत. 'तुझ्याकडून आलेले' हे एज्राबरोबरचे लोक असतील तर काम नहेम्याच्या आधीच सुरू झाले होते, आणि नहेम्याच्या पहिल्या अध्यायातली पडलेल्या तटाची, जळलेल्या वेशींची बातमी म्हणजे त्याच कामाची झालेली नासधूस. मला हा धागा पटतो, पण एज्राच्या चौथ्या अध्यायात घटनांचा क्रम सरळ नाही, म्हणून तो पुरावा म्हणून नव्हे, सुसंगत खुलासा म्हणून मांडतो.

आता सालाचा घोळ. पुस्तकांत कुठे ४५८-४४५ दिसते, कुठे ४५७-४४४. चूक कुणाचीच नाही. वर्ष कुठे सुरू होते यावर ते आहे. आपल्याकडे शक संवत्सर चैत्रात बदलते, गुजराती व्यापाऱ्याची वही कार्तिकात उघडते, आणि राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला पुढे सरकतो. एकच दिवस, तीन वह्यांत तीन वर्षे. बाबेली-पारशी पद्धतीत राजाचे वर्ष नीसानात, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास बदले. यहुद्यांत तिश्रीपासून, म्हणजे शरद ऋतूपासून मोजण्याचीही रीत होती. नहेम्याचा ग्रंथच याचा माग देतो: १:१ मध्ये विसाव्या वर्षाचा किसलेव महिना आहे, आणि २:१ मध्ये त्यानंतर आलेला नीसान, तरीही वर्ष विसावेच. किसलेव म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. वर्ष नीसानात बदलत असते तर तो नीसान एकविसाव्या वर्षाचा झाला असता. म्हणजे नहेम्याच्या मनात शरदातले वर्ष असावे.

दुसरा दुवा इजिप्तमधला. नाईल नदीतल्या एलेफंटाईन बेटावर यहुद्यांची वसाहत होती. तिथला इ.स.पू. ४६४ च्या जानेवारीच्या आरंभीचा एक अरामी दस्त मिळाला आहे. त्यावर अर्तहशश्त गादीवर बसला ते 'राज्याचे आरंभवर्ष' असे घातले आहे. त्याचा बाप अहश्वेरोश इ.स.पू. ४६५ च्या ऑगस्टमध्ये मारला गेला होता. लिहिणारा तिश्रीपासून मोजत असेल तर पहिले पूर्ण वर्ष ४६४ च्या शरदात सुरू झाले, सातव्या वर्षातला वसंत ४५७ चा आणि विसाव्यातला ४४४ चा. पण नीसानाच्या पद्धतीनेही त्या दस्ताची तारीख जुळते, आणि मग ४५८ व ४४५ येतात. एका वर्षाचा हा फरक मी वर्गात कधीच मिटवत नाही, तसाच ठेवतो.

आता मोजू. ४५७ पासून ४८३ वर्षे: इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य नाही, म्हणून उत्तर २६ नव्हे, इ.स. २७. वल्हांडण सणाच्या वेळी यरुशलेमात लोक येशूला म्हणतात की हे मंदिर बांधायला सेहेचाळीस वर्षे लागली (योहान २:२०). हेरोद राजाने काम काढले ते इ.स.पू. २०-१९ मध्ये, ४६ वर्षे म्हणजे इ.स. २७-२८ च्या आसपास. साध्या वर्षांनी, कुठेही ओढाताण न करता येशूच्या सेवेच्या उंबरठ्यावर येणे ही या गणिताची खरी ताकद आहे. कमजोरीही सांगायला हवी. लूक ३:१ मध्ये येशूच्या सेवेआधी रोमी सम्राट तिबिर्याचे पंधरावे वर्ष दिले आहे, आणि ऑगस्टसच्या मृत्यूपासून, इ.स. १४ पासून मोजले तर ते २८-२९ पडते. शिवाय शेवटच्या, सत्तराव्या सप्तकाच्या मध्यावर वधस्तंभ ठेवला तर इ.स. ३१ येते; नीसानाची १४ तारीख, म्हणजे वल्हांडणाचा दिवस, शुक्रवारी पडायला मात्र ३० आणि ३३ ही वर्षे अनुकूल आहेत, ३१ नव्हे.

४४४ पासून साधी ४८३ वर्षे मोजली तर इ.स. ४० येते. हे पुष्कळ पुढे गेले. म्हणून इथे वर्ष लहान करावे लागते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती इतिहासकार जुलियस आफ्रिकानुसने हेच केले: चांद्र वर्षे धरली, ३५४ दिवसांची, आणि ४९० चांद्र वर्षे ४७५ सौर वर्षांत बसवली. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या पोलीस खात्यातले सर रॉबर्ट अँडरसन यांनी ३६० दिवसांचे 'भविष्यवाणीचे वर्ष' घेतले. ६९ गुणिले ७ गुणिले ३६०, म्हणजे १,७३,८८० दिवस, इ.स.पू. ४४५ च्या १४ मार्चपासून इ.स. ३२ च्या ६ एप्रिलपर्यंत, येशूने यरुशलेमात प्रवेश केला त्या झावळ्यांच्या रविवारापर्यंत, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. ही आकडेमोड जगभर पसरली, मराठी प्रवचनांतही आली. मी स्वतः माझी पहिली सात-आठ वर्षे हीच शिकवली, अगदी मनापासून.

मग वर्गात एका शेतकऱ्याच्या मुलाने हात वर केला. म्हणाला, "सर, वर्ष ३६० दिवसांचे असेल तर अधिक महिना धरत होते की नाही? नाही धरला तर वल्हांडण सुगीत कसा राहील?" मी फळ्यावर हिशेब केला. वर्षाला सव्वापाच दिवस मागे. सतरा वर्षांत जवळजवळ तीन महिने. जवाचे कोवळे कणीस लागणारा सण कडक थंडीत गेला असता. यहुदी आपल्यासारखाच अधिक महिना धरत, दुसरा अदार. मुंबईच्या पारशांचे शहेनशाही वर्ष पुरे ३६५ दिवसांचे, फक्त पाव दिवस कमी. तेवढ्यानेही त्यांचे वसंतातले नवे वर्ष सरकत सरकत ऑगस्टात आले आहे. ३६० च्या बाजूने उत्पत्तीतल्या जलप्रलयाचे पाच महिने म्हणजे १५० दिवस, आणि प्रकटीकरणातले ४२ महिने म्हणजे १२६० दिवस, हे दाखले देतात. तिथे महिना गोळाबेरीज तीस दिवसांचा धरला आहे, हे खरे. पण कोणी यहुदी शेतकरी ४८३ वर्षे अशा वर्षाने जगला, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि सातांचे हे माप आले कुठून? लेवीय २५ मधून: सहा वर्षे पेरा, सातवे वर्ष जमिनीला विसावा, सात वेळा सात म्हणजे एकोणपन्नास, मग योबेल. हे शेताचे माप आहे, ऋतूंना बांधलेले.

त्या रात्री मी अँडरसनची बेरीज पहिल्यांदा ओळीने तपासली. ४७६ गुणिले ३६५ म्हणजे १,७३,७४०. १४ मार्च ते ६ एप्रिल २४. लीप दिवस ११६. तारखा जुलियन पंचांगातल्या आहेत, आणि त्यात दर चौथे वर्ष लीप, म्हणजे ११९ हवेत. तीन दिवस ग्रेगोरियन दुरुस्तीच्या नावाने वजा केले आहेत. त्याहून मोठी गोष्ट, इ.स. ३२ मध्ये त्या महिन्याची पौर्णिमा १४ एप्रिलला, सोमवारी पडते. त्यांनी वल्हांडण १० एप्रिलला धरला आहे. पुढच्या अभ्यासकांनी हे ओळखून ४४४ ते ३३ असा सुधारित हिशेब दिला, पण ३६० चे वर्ष तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितले की हे गणित मी यापुढे शिकवणार नाही.

येशूपर्यंत न मोजणाऱ्यांचाही एक मुद्दा तुमच्या तरुणांना कळायला हवा. हिब्रू मजकुरात 'सात सप्तके' नंतर विरामचिन्ह आहे. ते सातांना बासष्टांपासून तोडते. तसे वाचले तर पहिला अभिषिक्त सात सप्तकांनी, एकोणपन्नास वर्षांनी येतो: यरुशलेम पडले ५८७ मध्ये, कोरेशाची आज्ञा ५३८ मध्ये, बरोबर ४९. शेवटचे सप्तक मग यहुद्यांना छळणारा ग्रीक राजा अंतियोख एपिफानेस याचे, इ.स.पू. १७१ ते १६४, आणि २६ व्या ओवीतला मारला जाणारा अभिषिक्त म्हणजे मुख्य याजक ओनियास. पहिले आणि शेवटचे सप्तक सुरेख बसते. मधली ६२ मात्र बसत नाहीत, साठ-सत्तर वर्षे जास्त होतात. ती विरामचिन्हे घातली गेली सातव्या ते दहाव्या शतकांत. त्यांच्या आधीच्या थिओदोशनच्या ग्रीक भाषांतरात सात आणि बासष्ट जोडून आहेत. यहुदी परंपरेतील 'सेदेर ओलाम' ही कालगणनेची पोथी पहिल्या मंदिराच्या नाशापासून दुसऱ्याच्या नाशापर्यंत ४९० मोजते आणि त्यासाठी पारशी राजवट दोनशेवरून सुमारे पन्नास वर्षांवर आणते. प्रत्येकाला कुठेतरी काहीतरी द्यावे लागले आहे.

तर माझा निकाल. राजाज्ञाच घ्यायची आणि येशूपर्यंतच मोजायचे असेल तर अर्तहशश्ताचे सातवे वर्ष सर्वांत कमी ओढाताण मागते. मी तेच धरतो. विसाव्या वर्षाच्या आज्ञेचे शब्द ओवीला जास्त जवळ आहेत, हे कबूल करतो, पण तिच्यासाठी वर्षच बदलावे लागते, आणि ती किंमत मला मान्य नाही. कोरेशाच्या बाजूने यशयाची साक्ष आहे, तिला माझ्याकडे पुरे पडेल असे उत्तर नाही. म्हणून ४५७ हे माझे मत आहे, विश्वासाचे कलम नाही.

राहिला मिलर. विल्यम मिलरने ४५७ घेतले, पण दानीएल ८:१४ मधल्या २३०० संध्याकाळ-सकाळींसाठी. त्या दिवसांची वर्षे केली, दोन्ही मुदती एकाच वर्षी सुरू झाल्या असे धरले, आणि १८४३ सांगितले. पुढे त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरवला. लोकांनी शेतात पिके उभी सोडली होती. दिवस आला आणि गेला. फसला तो आठव्या अध्यायाचा आरंभ नवव्याला बांधणारा दुवा. आठव्या अध्यायात कुठलीही आज्ञा सांगितलेली नाही. न्यूटननेही सत्तर सप्तके ४५७ पासूनच मोजली होती, तेही मिलरच्या शंभराहून जास्त वर्षे आधी. साल तेच, पण मिलरने त्यावर चढवलेले ओझे त्या सालाचे नव्हते.

पुढच्या बैठकीत फळा कोरा ठेवून सुरुवात करा. आधी नवव्या अध्यायाच्या तीन ते एकोणीस ओव्या मोठ्याने वाचा, ती सगळी प्रार्थना. मग एज्रा ७, मग नहेम्या १ आणि २. तारखा त्यानंतर.